शेवटचं पान आधी

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, सध्या काय वाचतेयस?" आम्हा दोघींत हा प्रश्न 'कशी आहेस' याच्या जागी येतो. उत्तरावरून तिला माझी तब्येत कळते आणि मला तिची. मी थोडी थांबले आणि म्हणाले, "मिडलमार्च." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण पुढची पाच-सात मिनिटं मी त्या कादंबरीवर बोलत राहिले. मेरी अ‍ॅन इव्हान्स या बाईंनी जॉर्ज इलियट असं पुरुषाचं नाव घेऊन ती कशी लिहिली, 1871-72 मध्ये ती आठ भागांत कशी निघाली, पुढचा भाग हातात पडेपर्यंत तेव्हाच्या वाचकांचा जीव कसा टांगणीला लागला असेल. मग डोरोथिया, तिने मोठ्या आशेने ज्याच्याशी लग्न केलं तो वयस्क कॅसॉबन, आणि जगातल्या सगळ्या पुराणकथांची किल्ली आपल्याला सापडणार म्हणून त्याने आयुष्यभर काढलेली टिपणं, ज्यांचा ग्रंथ काही पुरा होत नाही. बोलताना मला छान वाटत होतं. भाची म्हणाली, "वा, मग मीही आणते."

मिडलमार्च मी तोवर उघडलेलीसुद्धा नव्हती.

खिडकीजवळच्या गठ्ठ्यात ती वरून तिसरी होती. मी जे जे बोलले ते त्या कादंबरीबद्दल इतरांनी लिहिलेलं वाचून. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं, फक्त 'वाचतेय' हे एक क्रियापद सोडलं तर. फोन ठेवला तेव्हा खरोखर वाचत होते ते पुस्तक मांडीवर पालथं पडलेलं होतं, आणि बोलताना माझा हात सगळा वेळ त्याच्या पाठीवर होता. दोन दिवसांनी भाचीचा निरोप आला: "आणली. सुरू केली. तू कुठपर्यंत आलीस?" तो निरोप मी चार वेळा वाचला आणि उत्तर न देता फोन बाजूला ठेवला. तेव्हापासून ते वाक्य मनात रुतून बसलं. कुठपर्यंत आले आहे मी?

मांडीवर होती 'युद्ध आणि शांती'. पहिल्यांदा वाचली ती विशीत, धावत. लढायांची पानं भरभर उलटली होती आणि आपण एवढी जाडजूड कादंबरी संपवली याचाच आनंद जास्त होता. यंदा ठरवलं की रोज एकच प्रकरण वाचायचं. टॉलस्टॉयने प्रकरणं आखूड ठेवली आहेत आणि ती आहेत 361. म्हणजे वर्षाला चार दिवस कमी. ते चार दिवस मी आजारपणासाठी राखून ठेवले होते. या चालीने वाचताना पुस्तक वेगळंच झालं. बोरोदिनोची लढाई लागायच्या आधीचे दिवस मीही माझे दिवस काढत काढत काढले, आणि तोफगोळा कादंबरीच्या नायकांपैकी एक असलेल्या आंद्रेच्या पायाशी गरगरत पडतो ते प्रकरण ज्या दिवशी आलं, त्या दिवशी पुढचं वाचायला चोवीस तास थांबावं लागलं. विशीत मी तिथे चोवीस सेकंदही थांबले नसेन.

आणि मग मी चौथ्या खंडाच्या पहिल्या भागात, पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी थांबले. जखमी आंद्रे अंथरुणावर आहे. बहीण दूरचा प्रवास करून त्याच्यापर्यंत पोचली आहे, जिच्याशी त्याचं लग्न ठरून मोडलं होतं ती नताशा त्याच्या उशाशी आहे, आणि तो दोघींशी गोड बोलतो खरा, पण त्याच्या बोलण्यातून तो स्वतः आधीच निघून गेलेला आहे. सोळाव्या प्रकरणात काय आहे ते मला माहीत होतं. माझे राखीव चार दिवस संपले. आणखी पाच दिवस गेले. रोज रात्री पुस्तक घ्यायचं, पंधराव्याचा शेवटचा परिच्छेद वाचायचा, खूण परत त्याच पानात सरकवायची. माझी खूण म्हणजे एका जुन्या पाकिटाची कापलेली कड आहे. ती रोज काढून घालून त्या पानाची वरची कोर मऊ पडली, बोटाला कापडासारखी लागायला लागली. भाचीचा फोन आला तो नववा दिवस होता.

आता कळतं की मी मिडलमार्चचं नाव का घेतलं. वाचून झालेल्या पुस्तकाबद्दल बोलता येतं, कारण त्याचं काहीतरी मत बनलेलं असतं. न वाचलेल्याबद्दल तर त्याहून सहज बोलता येतं. त्याने अजून आपलं काही घेतलेलं नसतं, त्यात कुणी गेलेलं नसतं, कुणाचा राग आलेला नसतो, मधली शंभर पानं कंटाळ्याने ओढलेली नसतात. गठ्ठ्यातलं प्रत्येक पुस्तक उत्तमच असतं. पण जे चालू आहे त्याबद्दल काय सांगायचं? 'एक माणूस मरणार आहे आणि मी त्याला मरू देत नाहीये' हे फोनवर कसं सांगायचं? त्यातून तो माणूस दीडशे वर्षांपूर्वी शाईत जन्मलेला.

अशा वेळी मला बाबांची आठवण होतेच. बाबा आयुष्यभर कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचत आले. पुस्तक घरात आलं की उभ्या उभ्या ते मागून उघडायचे, शेवटचं पान वाचायचे, 'हं' म्हणायचे आणि मग खुर्चीत बसून पहिल्या पानापासून सुरुवात करायचे. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा. मला तो अन्याय वाटायचा, लेखकावर आणि पुस्तकातल्या माणसांवरही. त्यांना बिचाऱ्यांना पुढचं काही ठाऊक नाही आणि हे सगळं आधीच जाणून त्यांच्याकडे बघत बसणार! मी दहा-अकरा वर्षांची असताना एका नव्या कादंबरीची शेवटची दोन पानं स्टेपलरने तीन टाचण्या मारून बंद केली. बाबांनी पुस्तक मागून उघडलं, टाचण्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुस्तक टेबलावर ठेवलं. रागावले नाहीत. पण ते पुस्तक आठ दिवस तसंच राहिलं. जाता-येता ते त्याला हात लावायचे आणि पुढे जायचे. नवव्या दिवशी मीच नखांनी टाचण्या उकलल्या. त्यांनी उभ्याने शेवटचं पान वाचलं, 'हं' म्हणाले आणि खुर्चीत बसले. ते पुस्तक आज माझ्याकडे आहे. शेवटच्या पानांना कडेने सहा बारीक भोकं आहेत, उजेडासमोर धरलं की दिसतात.

खूप वर्षांनी मी त्यांना कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "शेवट ठाऊक नसला की मी माणसांकडे बघतच नाही गं. मी नुसता वाटेकडे बघत पळतो." तेव्हा ते मला पटलं नव्हतं. पूर्ण पटलेलं आजही नाही. कारण पहिल्या वाचनातला तो अंधार, पुढच्या पानावर काय असेल याची ती धास्ती, ती मला अजूनही हवी असते आणि ती एका पुस्तकातून एकदाच मिळते. पण दुसऱ्यांदा वाचायला घेतलेल्या प्रत्येक पुस्तकात मी बाबांच्या बाजूला जाऊन बसते हेही खरं. 'रणांगण' हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. विश्राम बेडेकरांनी 1939 साली ही एवढीशी कादंबरी लिहिली. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर देशोधडीला लागलेले ज्यू, आणि त्यात ती हॅर्टा. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटत होतं की बोट किनाऱ्याला लागली म्हणजे काहीतरी मार्ग निघेल. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा हॅर्टाचं काय होणार ते माहीत होतं. मग तिच्या हसण्याची, रुसण्याची, डेकवर नुसतं उभं राहण्याची प्रत्येक ओळ अशी काही उजळून आली की मी पानं उलटायची थांबवून त्या ओळींकडे बघत राहायचे. आता तिसऱ्यांदा वाचायची आहे. गठ्ठ्यात सगळ्यात वर तीच ठेवली आहे, आणि बारीक असल्यामुळे खालची जाड पुस्तकं तिच्या कडेने बाहेर डोकावतात.

बाबांच्या डोळ्यांना आता नजरेच्या मध्यावरचं दिसत नाही. कडेचं दिसतं, पण ज्या शब्दावर नजर रोखावी तोच पुसला जातो. ते पुस्तकं ऐकतात. आवाज चांगले असतात, तक्रार नाही, पण ऐकायच्या पुस्तकाला शेवटचं पान हाताशी नसतं. सरकपट्टी पुढे ढकलली तर कुठेतरी मधेच पडायला होतं आणि परत यायला वाट सापडत नाही. म्हणून नवीन कादंबरी ऐकायला घेतली की ते मला फोन करतात. नाव सांगतात आणि म्हणतात, "शेवट बघून ठेव." मी ते पुस्तक कुठून कुठून मिळवते, शेवटचं पान काढते आणि त्यांना वाचून दाखवते. पलीकडून 'हं' येतं, फोन बंद होतो आणि त्यांचं वाचन सुरू होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत यामुळे माझ्याकडे एक विचित्र साठा जमला आहे. कितीतरी कादंबऱ्यांचं फक्त शेवटचं पान मी वाचलेलं आहे. एक बाई आगगाडीच्या खिडकीतून कुणाला तरी हात हलवते. ती कोण, कुणाला हात हलवते, मला पत्ता नाही. एक म्हातारा कुलूप लावून किल्ली पायरीवर ठेवतो. ही सगळी माणसं माझ्या पुढे वाचायच्या यादीत आहेत, आणि मी त्यांना त्यांच्या शेवटाकडूनच ओळखते. रात्री झोप येत नसली की मी त्या किल्लीचा विचार करते.

यादीचं बोलायचं तर ती कधी संपणार नाही हे मी कधीच मान्य केलं आहे. त्याचं दुःख होत नाही. मला टोचतात ती वेगळी पुस्तकं, जी वाचायची तीव्र इच्छा आहे आणि जी नाहीतच. 'करामाझोव्ह बंधू' गठ्ठ्यात आहे, तिची प्रस्तावना तेवढी मी चाळली. दोस्तोयव्हस्की सुरुवातीलाच वाचकाला सांगतो की मला एकाच माणसाचं चरित्र सांगायचं आहे, पण कादंबऱ्या दोन आहेत, आणि मुख्य कादंबरी दुसरी. हातात आहे ती पहिली. ती 1880 च्या अखेरीस छापून पुरी झाली आणि 1881 च्या फेब्रुवारीत तो गेला. म्हणजे एवढा मोठा ग्रंथ ज्याची पूर्वतयारी होता, ते जगातल्या कुठल्याच कपाटात नाही. हे कळल्यापासून मी ती कादंबरी उघडायला कचरते. दार उघडून आत जायचं आणि आतल्या खोलीला भिंतच नाही असं काहीतरी होईल असं वाटतं. तरी जायचं आहे. पुढच्या वर्षाची जागा तिला दिली आहे.

आणि काही पुस्तकं अशी आहेत की जी लिहून झालेली आहेत, पण ती वाचायला मी नसेन. ऑस्लोच्या बाहेरच्या जंगलात 2014 साली स्प्रूसची 1000 रोपं लावली. केटी पॅटरसन या कलावतीची ती कल्पना. तेव्हापासून दरवर्षी एक लेखक आपलं एक अप्रकाशित हस्तलिखित तिथे देतो. पहिलं मार्गारेट अ‍ॅटवूडने दिलं, पुढे हान कांगनेही दिलं. ऑस्लोच्या सार्वजनिक ग्रंथालयात लाकडाची एक छोटी खोली बांधून ती हस्तलिखितं तिथे ठेवली आहेत. कुणी वाचायची नाहीत. 2114 साली त्याच झाडांचा कागद करून त्यावर ती छापणार. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क राग आला. जिवंत लेखक, जिवंत वाचक, आणि मध्ये शंभर वर्षांचं कुलूप कशाला? मग हळूहळू राग ओसरला. वाटलं, अजून जन्मालाही न आलेल्या कुणासाठी एखादी बाई टेबलाशी बसून गोष्ट लिहिते, तिला दाद मिळणार नाही, टीकाही नाही, आणि ती लिहितेच. त्या खोलीची छायाचित्रं मी बऱ्याच वेळा पाहिली आहेत. राग गेला, हुरहूर मात्र तशीच आहे. त्या 100 पुस्तकांचं ना पहिलं पान मला मिळणार, ना शेवटचं.

भाचीचे निरोप येत राहिले. "डोरोथियाचा मला राग येतोय, तुला?" "रोममधलं वाचलंस का?" शेवटी मी तिला फोन करून खरं ते सांगितलं. मिडलमार्च उघडलेली नाही, चाललंय वेगळंच, आणि तेही नऊ दिवस, आता तर वीस दिवस झाले, एका प्रकरणावर अडलंय. ती गप्प झाली. मला वाटलं, दुखावली. मग म्हणाली, "म्हणजे मी एकटीच होते होय तिथे इतके दिवस?" हे वाक्य मला लागलं, कारण ते अगदी खरं होतं. मी तिला एका घराचा पत्ता दिला, आत मी बसलेय असं सांगितलं, ती गेली आणि घरात मी नव्हतेच. त्याच रात्री मी गठ्ठ्यातली वरची दोन पुस्तकं उचलून मिडलमार्च काढली.

पहिल्याच प्रकरणात दोघी बहिणी आईचे दागिने वाटून घेतात. डोरोथियाला दागिन्यांचं काही नाही, ती सगळे धाकटीला देऊन टाकते, मोठ्या तोऱ्यात. तेवढ्यात ढगाआडून ऊन येतं आणि पाचूची एक अंगठी झळकते. डोरोथिया बघते, पुन्हा बघते, आणि ती अंगठी आणि तिच्या जोडीचं कडं स्वतःला ठेवून घेते. आठ भाग, पुरुषाचं नाव, कॅसॉबनची टिपणं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. या पाचूबद्दल मला कुणी म्हणजे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी पान बोटात धरून तशीच बसले. भाचीला लिहिलं, "पाचू." तिचं उत्तर लगेच आलं, "हो ना!!" आता ती बरीच पुढे आहे, मी मागून येते आहे, आणि तिने कबूल केलंय की मी विचारल्याशिवाय पुढचं काही सांगायचं नाही.

सोळावं प्रकरण मात्र अजून तिथेच होतं.

त्या दिवसांत मी एक पळवाटही शोधली. टॉलस्टॉयने कादंबरीचा आधी एक खर्डा केला होता, शेवट गोड ते सगळं गोड अशा अर्थाचं त्याचं नाव. त्या खर्ड्यात आंद्रे मरत नाही. पुढे आणखी एक कोवळा मुलगा जातो, तोही त्यात जगतो. हा खर्डा पुस्तकरूपाने निघालेला आहे, मिळवायचा म्हटला तर मिळतो. एका रात्री मी तो मागवायच्या अगदी बेतात होते. बोट पडद्यावर होतं. मग मला एकदम वाटलं की तिथला जिवंत आंद्रे मला ओळखणार नाही. ज्याच्यासाठी मी हे सगळे महिने रोज एक एक प्रकरण चालत आले, तो हा, इथे अंथरुणावर असलेला. त्याला असा ठेवून त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याकडे जायचं हे माझ्याच्याने होईना. खर्डा वाचणार नाही असं नाही. यादीत आहे. पण आधी हे.

काल संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांनी ही कादंबरी डोळे चांगले असताना वाचलेली, कधीतरी माझ्याही जन्माच्या आधी. म्हटलं, "बाबा, एक प्रकरण वाचून दाखवू का? मला एकटीला वाचवत नाहीये."

"कुठलं?"

"आंद्रेचं. सोळावं."

"हं." मग थोड्या वेळाने, "शेवट सांग आधी."

"जातो तो, बाबा."

"ती मुलगी असते ना जवळ? विणत बसलेली?"

"असते."

"बरं मग. वाच. सावकाश वाच, घाई नाही."

मी फोन उशीला टेकवून ठेवला, पाकिटाची कड पानातून काढली आणि वाचायला लागले. सुरुवातीला आवाज नीट लागेना. बाबा काही बोलत नव्हते, नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. आंद्रे पडून आहे. उशाशी मेणबत्ती आहे, आणि तिचा उजेड त्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून नताशा आडोशाला बसून पायमोजा विणते आहे, कारण विणत बसणाऱ्या म्हाताऱ्या दायांइतकं आजाऱ्याचं कुणी करत नाही असं तो कधीतरी सहज म्हणाला होता. तो तिच्या खाली झुकलेल्या चेहऱ्याकडे बघतो आहे. ती जराशी हलते आणि तिच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळतो. ती दचकून त्याच्याकडे बघते, मेणबत्तीवर हाताचा आडोसा धरते, अलगद वाकते आणि गुंडा उचलून पुन्हा आपल्या जागी बसते.

"थांब," बाबा म्हणाले. "तेवढं परत वाच."